चक्कीपर्यंत सात खांब

ऑटिझम (मेंदूची वेगळी घडण, ज्यात बोलणं आणि माणसांत मिसळणं वेगळं असतं) असलेल्या एका मुलासोबत दिवसभर राहायचं, एवढंच माझं काम. जून 2023 पासून मी ते करते आहे. सुरू करण्याआधी मराठीत खूप शोधलं. आयांनी लिहिलेलं सापडलं, डॉक्टरांनी लिहिलेलं सापडलं. पगारावर सोबत करणाऱ्या कुणी लिहिलेलं मात्र मिळालं नाही. जे मिळालं तेही पुण्या-मुंबईचं, जिथे थेरपीला रिक्षाने जाता येतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. त्यामुळे तारखा, खर्च, चुका जशा झाल्या तशा लिहिते आहे. मुलाचं नाव बदललंय, इथे त्याला गुड्डू म्हणते. घरच्यांना आधी वाचून दाखवलं आहे.

11 जून 2023, रविवार. गल्लीतले एक गुरुजी, म्हणजे गुड्डूचे वडील, घरी आले. त्यांची नोकरी पुसदकडे, शनिवारी संध्याकाळी गावी येतात. मुलगा चौदा वर्षांचा. सातवीपर्यंत गावातल्या शाळेत पटावर नाव होतं, जाणं मात्र आठवड्यातून एखादा दिवस, तेही सुट्टीपर्यंत. आता आठवीला हायस्कूलने सांगितलं होतं की सोबत कुणी असेल तर बसवू, नाहीतर घरीच ठेवा. गुरुजींनी विचारलं, येशील का? पगार आठ हजार.

मी बी.ए. झालेली, दारव्ह्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये दोन वर्षं चार हजारांवर शिकवलेलं. आठ हजार ऐकून हो म्हणावंसं वाटलं, हे खरं आहे. पण गुड्डूला मी लहानपणापासून लांबून पाहत आले होते. मे महिन्यात स्वेटर घालून अंगणात उभा राहणारा, शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांवरून तासन् तास चालणारा. त्याच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी घरी गेले. आजी म्हणाल्या, आमच्यात कुणाचं वाईट केलं नाही, तरी असं काहून झालं. आबाजी, म्हणजे गुड्डूचे आजोबा, काही बोलले नाहीत. वहिनी, म्हणजे गुड्डूची आई, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "ताई, मले काही त्याले सायेब नाही करायचं. मी गेल्यावर त्याच्यासाठी चक्कीवरून दयन कोन आनन? तेवढं त्याले आलं पायजे." गुरुजींना शाळा हवी होती, वहिनींना दळण. दीड वर्ष मी या दोन्हींच्या मधे चालले. आज विचाराल तर वहिनींचं मागणं जास्त मोठं होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट बरी केली, साध्या कागदावर सगळं लिहून घेतलं. वेळ नऊ ते साडेचार, रविवार सुट्टी. उन्हाळ्यातही पगार चालू, कारण मे महिन्यात शाळा नसते पण गुड्डू असतो. माझी महिन्याला दोन आजारपणाची रजा. प्रवासखर्च त्यांचा. आणि अंघोळ, कपडे बदलणं, शौचालय ही कामं माझी नाहीत, घरच्या पुरुषमाणसाची. ही शेवटची ओळ लिहिताना मला लाज वाटत होती. वहिनींनीच ती लिहायला लावली. पुढे तिचा उपयोग इतका झाला की या कामात येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगेन, पहिल्याच दिवशी ही ओळ लिहा.

शाळेने पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. अर्ज ऑनलाइन असतो. मी तो दारव्ह्याच्या सेवा केंद्रातून भरला, फी आणि त्यांचं कमिशन धरून अडीचशे गेले. ठाण्यातून एकदा बोलावलं आणि सतरा दिवसांनी दाखला आला. तोवर 30 जूनला शाळा उघडली होती, म्हणून पहिले दोन आठवडे मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसायचे आणि गुड्डू वर्गात कमी, माझ्याजवळ जास्त असायचा. दाखल्याचा अर्ज काम ठरल्याच्या दिवशीच टाकायला हवा होता. मुख्याध्यापकांच्या नावे पालकांचं संमतिपत्रही द्यावं लागलं. त्याची पोच घेतली. पोच घ्यायची सवय मला या कामाने लावली.

गुड्डूला बोलता येतं, पण आपल्यासारखं नाही. स्वतःचे असे तीस-चाळीस शब्द: पाणी, भाकर, नको, रूळ. बाकी सगळं ऐकलेलं, तसंच्या तसं. त्यातलं एक वाक्य एसटीच्या कंडक्टरचं होतं, "पुढे सरका, पुढे सरका." अगदी त्याच सुरात. पहिले चार आठवडे मला वाटायचं, तो उगाच म्हणतो. पोरं हसायची, मग मीही हसायचे.

27 जुलैला प्रार्थनेच्या वेळी तो रांगेत उभा होता. "पुढे सरका" म्हणाला. मी बोट ओठांवर ठेवलं. तो परत म्हणाला, परत म्हणाला. राष्ट्रगीत सुरू होणार होतं, सगळे शिक्षक बघत होते. मी त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरली. चौथ्यांदा "पुढे सरका" म्हणून त्याने माझ्या दंडाला कडाडून चावा घेतला.

ग्रामीण रुग्णालयात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. शाळेने आठ दिवस आणू नका म्हणून सांगितलं. त्या रात्री मी झोपले नाही. दंड दुखत होताच, पण ते चार वेळा म्हटलेलं वाक्य कानातून जात नव्हतं. एसटीत तो ते वाक्य कधी ऐकत असणार? गाडी खचाखच भरलेली असताना, माणसं अंगावर येत असताना. त्याला दुसरे शब्द नव्हते, म्हणून हे होते. गर्दी झाली, मला जागा द्या, एवढं तो सांगत होता. मी त्याला गप्प ठेवायला गेले आणि हात धरून उरलीसुरली जागाही काढून घेतली. चूक पूर्ण माझी होती. मी ते गुरुजींना आणि शाळेतल्या बाईंना सांगितलं.

पुढे कळलं की ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्यात अर्थ असतो. तो शोधायचा तर आधी ते वाक्य कुठे, कोणत्या वेळी ऐकलं असेल ते आठवायचं. आठ दिवसांनी शाळेत गेलो तेव्हा मी बाईंना एकच विनंती केली, तो "पुढे सरका" म्हणाला की आम्ही दोघं बाहेर जाणार, परवानगी न विचारता. बाईंनी मान्य केलं. त्यानंतर त्याने मला कधी चावलं नाही.

त्याच आठवड्यात एक दोनशे पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. ही पद्धत जगभर वापरतात, मी नवीन काही केलं नाही. फक्त रोज लिहिलं. ओरडला, डोकं आपटलं, पळाला, प्रत्येक वेळी तारीख, वार, वेळ. "चिडला" असं लिहायचं नाही, "दोन्ही कान झाकून जमिनीवर बसला" असं लिहायचं. महिन्याने पानं उलटली तेव्हा मंगळवार उठून दिसले. मंगळवार आमच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून चौकात भोंगे सुरू: कांदे, चादरी, उंदीर मारायचं औषध. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मंगळवारी आम्ही शाळेला मागच्या रस्त्याने, वावरांच्या धुऱ्यावरून जाऊ लागलो. पंधरा मिनिटं जास्त लागतात. मंगळवार बाकीच्या वारांसारखे झाले.

आवाजाचं एक कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. कुकरच्या शिट्टीने त्याच्या अंगावर काटा यायचा, तो घराबाहेर पळायचा. आणि चक्कीच्या पट्ट्याचा आवाज, जो मला पाच मिनिटं सोसत नाही, त्याजवळ तो डोळे मिटून शांत उभा राहायचा. आता वाटतं, चक्की सांगून आवाज करते: बटण, पट्टा, मग घरघर, ती एकसारखी. शिट्टी अचानक येते. वहिनींनी शिट्टी होण्याआधी "आता शिट्टी" असं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. तो उठून अंगणात जातो, झाल्यावर परत येतो. पळत नाही. स्वेटरचंही तसंच होतं. त्याला ऊब नको होती, अंगावर दाब हवा होता. आजींची जुनी जड गोधडी चौघडी करून मांडीवर ठेवायला दिली (तोंडावर कधीच नाही, आणि झोपेत नाही). तेव्हा कुठे 44 अंशांत तो सुती सदऱ्यावर बसला.

आता जे लिहायला संकोच वाटतो ते. मुलगा चौदा वर्षांचा. अंगात बदल होत होते आणि कुठे काय करायचं नसतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ऑगस्टमध्ये वर्गात, अंगणात त्याचा हात पँटमध्ये जाऊ लागला. पोरं ओरडायची. दोन बायांनी मला अडवून विचारलं, "काहून वो, तू लग्नाची पोरगी, तुले हे काम दिसलं का?" आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काम सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं.

मार्ग निघाला तो आबाजींमुळे. एका संध्याकाळी ते म्हणाले, "त्याले मी सांगतो. तू फक्त मले सांग, कसं सांगू." मारायचं नाही, रागवायचं नाही, हसायचं नाही. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "न्हाणीत, दार लावून," आणि हात न धरता त्याला न्हाणीकडे न्यायचं. न्हाणीच्या दारावर बंद दाराचं चित्र लावलं. अंघोळीची सात चित्रं ओळीने आत चिकटवली. शाळेत शिपाई काकांनी शौचालयाबाहेर उभं राहायची जबाबदारी घेतली. दीड-दोन महिने लागले. आणि एक नियम मी स्वतःसाठी केला, गुड्डूसोबत मी कधीही बंद दाराच्या खोलीत बसत नाही. ओसरीवर, अंगणात, किंवा दार सताड उघडं. त्यात त्याचंही रक्षण आहे आणि माझंही.

याच काळात दिव्यांग प्रमाणपत्राच्या खेपा सुरू होत्या. चौदा वर्षांत ते काढलेलंच नव्हतं. आधी बाबा-बुवा झाले, ताईत झाले, मग नागपूरच्या एका डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं त्याची चिठ्ठी पेटीत पडून होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे, त्यात ऑटिझम आहे. सरकारी कागदात शब्द "स्वमग्नता". हा शब्द मला पटत नाही. गुड्डू स्वतःत मग्न नसतो. तो रुळात, पट्ट्यात, जिनिंगच्या धुराड्यात, पावसाच्या पागोळीत मग्न असतो. पण अर्जात तोच शब्द शोधायचा, नाहीतर रकाना सापडत नाही.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी करायचा, त्याला फी नाही. सेवा केंद्राने भरण्याचे शंभर घेतले. आधार, फोटो, अंगठा. मग जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं.

पहिली खेप 9 ऑगस्ट, बुधवार. मी, वहिनी, गुड्डू. पोचायला पावणेअकरा झाले. दीडशे माणसं व्हरांड्यात. दोन वाजता कळलं, मानसतज्ज्ञ रजेवर आहेत. फोन करून विचारायला हवं होतं. त्या गर्दीत गुड्डू "पुढे सरका" म्हणाला आणि या वेळी मी ऐकलं. वहिनी रांगेत राहिल्या, मी त्याला घेऊन फाटकाजवळच्या झाडाखाली बसले. दवाखान्यात दोघांनी जाणं चैन नाही, गरज आहे. एकाने रांगेत थांबायचं, एकाने मुलासोबत बाहेर. घरची भाकर, पाण्याची बाटली आणि गोधडी सोबत.

दुसरी खेप 23 ऑगस्ट, पहिल्या गाडीने. या वेळी तपासणी झाली. आपल्या देशात ऑटिझमसाठी इसा नावाची मोजपट्टी वापरतात. 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे एकूण 40 ते 200. सत्तरच्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. प्रश्न आईला विचारतात आणि मुलाला बघतात. मॅडमनी विचारलं, स्वतःला इजा करतो का? वहिनी म्हणाल्या, नाही. विनाकारण रडतो-हसतो का? नाही. अनोळखी माणसांसमोर आपल्या मुलाबद्दल वाईट कसं बोलायचं, या एका कारणाने त्या सगळ्याला नाही म्हणत होत्या. मी पिशवीतून वही काढून मॅडमपुढे ठेवली. त्यांनी दहा मिनिटं ती वाचली. मग वहिनींना म्हणाल्या, "ताई, तुम्ही त्याची तक्रार करत नाही आहात. त्याला काय लागतं ते मला सांगा." वहिनी रडल्या आणि मग पहिल्यापासून सगळ्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा दिली. तुमच्याकडे वही नसेल तर जायच्या आधी पंधरा दिवस तरी लिहा.

तिसरी खेप 6 सप्टेंबर, सह्यांसाठी. दिव्यांगता 70 टक्के ठरली. प्रमाणपत्राला मुदत आहे, पुढे पुन्हा तपासणी. कार्ड डिसेंबरात पोस्टाने आलं, पिवळ्या पट्ट्याचं (40 च्या आत पांढरं, 40 ते 80 पिवळं, 80 पासून निळं). तिन्ही खेपांचा खर्च, तिकिटं, झेरॉक्स, फोटो, चहा-नाश्ता धरून साडेचौदाशे झाला. मला आणि वहिनींना मार्च 2023 पासूनच्या महिला सवलतीत अर्धं तिकीट होतं, म्हणून एवढ्यात भागलं. आता गुड्डूला एसटीत 75 टक्के सवलत आहे, आणि 65 टक्क्यांच्या वर असल्याने सोबतच्या माणसाला निम्मी. गुरुजी त्याला नेतात तेव्हा ती कामी येते. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा आणि बाह्यरुग्ण उपचारांचाही खर्च धरतात. तोही अर्ज आम्ही नंतर केला. कार्ड हातात आल्यावर ही सगळी दारं उघडतात, त्यामुळे खेपा कितीही होवोत, अर्धवट सोडू नका.

14 सप्टेंबरला पोळा होता. तोरणाखाली बैल, डफडी, गर्दी, गुड्डूला न्यायचा प्रश्नच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान पोरांसोबत तो लाकडी बैल घेऊन आमच्या गल्लीत तीन घरं फिरला. चौदा वर्षांचा मुलगा, सहा-सात वर्षांच्या पोरांमधे. कुणी हसलं नाही. एका आजींनी बोजारा म्हणून त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले, ते त्याने संध्याकाळपर्यंत मुठीत धरले होते.

ऑक्टोबरात सगळं उलटं फिरलं. तो स्वतःच्या गालावर बुक्क्या मारू लागला. दिवसाला वीस-तीस वेळा, गाल काळानिळा. जेवण कमी. घरात अमावास्येचा विषय निघाला. माझी वही काहीच सांगेना, मंगळवार नाही, गर्दी नाही, शिट्टी नाही. नवव्या दिवशी एक गोष्ट दिसली. नेहमी उजवा गाल. आणि भाकरीचा कडक पापुद्रा, जो त्याला आवडतो, तो तसाच ठेवत होता. आबाजींनी बॅटरी धरली आणि त्याने जांभई दिली तेवढ्यात बघितलं. मागची दाढ किडलेली.

दात दुखतो हे सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. नऊ दिवस तो हाताने सांगत होता. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांकडे आधी दोन खेपा नुसत्या खुर्चीत बसून यायला केल्या. डॉक्टर तयार झाले, हे आमचं भाग्य. पहिल्या खेपेला दोन मिनिटं खुर्चीत, दुसऱ्या खेपेला तोंड उघडून आरसा. तिसऱ्या खेपेला दाढ काढली. बाराशे रुपये. चौथ्या दिवशी बुक्क्या बंद. मुलगा अचानक वेगळा वागू लागला तर आधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ बघा. बाकीचं नंतर.

फेब्रुवारी 2024 मध्ये मी वहिनींच्या दळणाला हात घातला. तोपर्यंत त्याला चित्रांची सवय झाली होती. फोनवर फोटो काढायचा, दारव्ह्यात छापून लॅमिनेशन करायचं, एकाचे तीस रुपये. दळणाचे नऊ टप्पे पाडले: पिपा घ्यायचा, ज्वारी भरायची, चप्पल, रस्ता, नंबर, पैसे, थांबायचं, पिपा उचलायचा, घरी ओट्यावर ठेवायचा. शिकवायला शेवटून सुरुवात केली. म्हणजे आठ टप्पे मी करायचे आणि ओट्यावर पिपा तो ठेवणार. ते जमलं की शेवटचे दोन त्याचे. असं मागे मागे येत गेलं की रोज काम पूर्ण होताना त्याच्या हातात असतं. पहिल्यापासून शिकवलं असतं तर तो रोज मधेच अडला असता.

माझीच अडचण झाली होती. प्रत्येक टप्प्याला तो माझ्याकडे बघायचा आणि मी न कळत मान हलवायचे. माझ्या मानेशिवाय त्याचा हात पुढे जाईना. शाळेला येणाऱ्या, समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या विशेष शिक्षकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, आता बोलणं बंद, मान बंद, आणि अंतर वाढवा. पहिल्या महिन्यात हाताच्या अंतरावर, मग पाच पावलं मागे, मग वीस. गप्प राहून मागे चालणं मला या सगळ्या कामात सर्वांत कठीण गेलं.

मग मोजणी आडवी आली. गुड्डू पावलं मोजतो. घरापासून चक्कीपर्यंत तीनशे दहा. परत येताना डोक्यावर पिपा, पाऊल लहान पडतं, आकडा तीनशे दहावर पोचला तेव्हा घर अजून लांब होतं. तो पिपा घेऊन मागे फिरला, चक्कीपासून पुन्हा मोजायला. असं चार वेळा. एप्रिलचं ऊन. मला काही सुचेना. उपाय सापडला तो विजेच्या खांबांत. घर ते चक्की सात खांब, जाताना सात, येतानाही सात. ओझ्याने त्यांची संख्या बदलत नाही. आठ-दहा दिवस मी प्रत्येक खांबाला हात लावून मोठ्याने मोजलं. मग तो मोजू लागला.

पुढचा अडथळा लाईनचा, म्हणजे विजेचा. चक्कीवर गेलो आणि लाईन गेलेली, की तो तिथेच बसून ओरडायचा, कारण चित्रांच्या ओळीत हे कुठेच नव्हतं. चक्कीवाले भाऊ म्हणायचे, "लाईन नाही बापू, दुपारी येजो," आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. दहावं चित्र केलं. विझलेला बल्ब, आणि बाण घराकडे. ते चक्कीवाल्यांकडे देऊन ठेवलं. लाईन नसली की ते दाखवतात. शिकवायचं फक्त गुड्डूला होतं असं मी समजत होते. चक्कीवाले, शिपाई काका, वर्गातली पोरं, सगळ्यांना थोडं थोडं शिकावं लागलं, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही.

जूनमध्ये शाळेने नववीला अडवलं. म्हणाले, आठवी झाली, चौदा वर्षंही झाली, शिक्षणहक्काचा कायदा इथे संपतो. आम्ही दोन दिवस गप्प होतो. मग गुरुजींनी दिव्यांग हक्क कायदा वाचून काढला. त्याच्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम लिहून, कार्डाची प्रत जोडून, एक अर्ज शाळेत आणि एक पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. दोन्हींची पोच घेतली. बावीस दिवसांनी शाळेने निरोप धाडला, आणा. भांडण न करता झालं, याचं मला समाधान आहे, कारण त्याच शिक्षकांसोबत रोज बसायचं होतं.

मला कुणी विचारतं, याचं शिक्षण कुठे मिळतं? भारतीय पुनर्वास परिषदेचा समुदाय आधारित समावेशक विकास नावाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. तो करणाऱ्याला दिव्यांग मित्र म्हणतात. मला प्रवास आणि राहणं परवडलं नाही म्हणून अजून केलेला नाही. पण करायचा आहे. वहीने आणि चुकांनी शिकवलं ते खरं असलं, तरी त्यातल्या काही चुका गुड्डूच्या अंगावर झाल्या.

7 डिसेंबर 2024, शनिवार. शाळा सकाळची होती. साडेअकराला त्याने पिपा घेतला, ज्वारी भरली, चप्पल घातली. मी आणि वहिनी ओसरीवर बसलो. फाटकाच्या बाहेर गेला तेव्हा "एक" ऐकू आलं. मग काही नाही. वहिनी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. मी त्यांना थांबा म्हणाले आणि स्वतः उठून उभी राहिले. लाईन गेली तर? सातच्या पुढे निघून गेला तर? चाळीस मिनिटं झाली. मग लांबून मोजणं ऐकू आलं. पापण्या पांढऱ्या झालेल्या, डोक्यावर पिपा. त्याने तो ओट्यावर ठेवला, "सात" म्हणाला आणि हात धुवायला गेला. वहिनींनी पिप्यात हात घातला. पीठ अजून गरम होतं.

जानेवारीपासून मी दुपारी एकपर्यंतच जाते. पगार आठाचा पाच हजार झाला. ते मीच गुरुजींना सुचवलं. शनिवारी तर शाळा सुटल्यावर त्याला घरी सोडून लगेच निघते. तो चक्कीवर जातो तेव्हा मी आमच्या घरी असते.